बोक्याची बाहुली मोठी, सासऱ्यांची उघडेना

प्रश्न: आमच्या बोक्याला भांडणात डोळ्यावर नख लागलं, डॉक्टरांनी अ‍ॅट्रोपिनचे ड्रॉप दिलेत. आता त्या डोळ्याची बाहुली एवढी मोठी झालीये की पिवळा भाग दिसतच नाही, दुसऱ्या डोळ्यात मात्र नेहमीची उभी चीर. ड्रॉप टाकले की तोंडातून फेस काढतो. आणि इकडे सासरे प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेतात, तर मोतीबिंदूचे डॉक्टर म्हणतात या गोळीने बाहुली नीट उघडत नाही. दोन्ही औषधं रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची निरोप घेणारी जागा, ब्लॉक करणारी, मग असं उलटं कसं?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर: ताई, आधी फेसाचं सांगते. अ‍ॅट्रोपिन महाकडू असतं आणि डोळ्यातला थेंब आतल्या बारीक नळीतून नाकात नि घशात उतरतो, मांजराला चव लागली की लाळ सुटणारच. ड्रॉपऐवजी मलम मिळेल का ते डॉक्टरांना विचारा, त्याने हा त्रास बराच कमी होतो.

आता मुख्य प्रश्न, आणि तो फार नेमका विचारलात. बाहुलीला दोन स्नायू असतात, एक गोल, नाडीसारखा आवळून बाहुली लहान करतो, दुसरा चाकाच्या आऱ्यांसारखा बाहेर ओढून मोठी करतो, आणि दोघांच्या नसा वेगळ्या, नसेतून सुटणारं रसायनही वेगळं. आवळणाऱ्याला अ‍ॅसिटिलकोलिन, ओढणाऱ्याला नॉरअ‍ॅड्रेनॅलिन. अ‍ॅट्रोपिन आवळणाऱ्याच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं, निरोप येतो पण पोचत नाही, म्हणून बाहुली सैल पडून मोठी. टॅमसुलोसिन ओढणाऱ्याचा अल्फा-१ रिसेप्टर अडवतं, म्हणून बाहुली मोठी व्हायला कुरकुर करते. अडवणं तेच, दार वेगळं.

हे मांजरावरच्या जुन्या प्रयोगांत अगदी स्वच्छ दिसतं. बाहुली मोठी करणारी नस मेंदूतून थेट डोळ्यात जात नाही, मणक्यातून खाली छातीपर्यंत उतरते आणि मानेतून परत वर चढते. भूल दिलेल्या मांजराच्या मानेत त्या नसेला बारीक विजेचा झटका दिला की बाहुली मोठी होते, टॅमसुलोसिनसारखा अल्फा रिसेप्टर अडवणारा ब्लॉकर दिल्यावर तोच झटका द्या, कमी उघडते. म्हणूनच बोक्याच्या मानेला खोल चावा बसला तर कधीकधी त्या बाजूची बाहुली बारीक राहते आणि तिसरी पापणी वर येते, तेही लक्षात ठेवा.

सगळ्या प्राण्यांत मात्र हे असंच चालत नाही. कोंबडीच्या डोळ्यात अ‍ॅट्रोपिन टाकून काही होत नाही, कारण पक्ष्यांच्या बाहुलीचे स्नायू बहुतेक हातापायासारखे असतात आणि त्यांचा रिसेप्टर वेगळा. काही सशांच्या रक्तात अ‍ॅट्रोपिन तोडणारं एन्झाइमच असतं, असर लवकर उतरतो.

तुमच्या बोक्याची बाहुली ड्रॉप बंद केल्यावरही काही दिवस मोठी राहू शकते, तोवर कडक उन्हात सोडू नका. उरलेले ड्रॉप दुसऱ्या जनावराला मनाने घालू नका, काचबिंदू असेल तर डोळ्यातलं प्रेशर आणखी वाढतं. आणि सासऱ्यांची गोळी स्वतःहून बंद करू नका, बंद करूनही मोतीबिंदूच्या ऑपरेशनमधला धोका पूर्ण जात नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हा प्रकार पहिल्यांदा मांडला, तेव्हापासून सर्जन आधीच तयारी करून बसतात, फक्त त्यांना गोळीचं नाव ऑपरेशनच्या आधी कळलं पाहिजे. तुम्ही ते सांगितलंत, फार बरं केलंत.