फायन्सला चिनी माती म्हणू नका

प्रश्न असा आहे : प्राचीन इजिप्तमधल्या निळ्या मण्यांच्या, म्हणजे 'फायन्स'च्या, हाराला मराठीत 'चिनी मातीचा हार' म्हटलं तर चालेल का?

चालणार नाही. निळं, चकचकीत दिसलं की 'चिनी माती' म्हणून मोकळं व्हायची खोडच लागली आहे. या मण्यांत माती जवळजवळ नसतेच. गारगोटीची पूड शेकडा 92 ते 99, चुना 1 ते 5 आणि फार तर 5 सोड्याचा क्षार, निळाई तांब्याची. त्यामुळे हा गोळा कणकेसारखा तिंबता येत नाही. आधी ताठ लागतो, हाताळला की ढिला पडून बसतो, घाईने वाकवला तर चिरतो. काडीभोवती लावून तो लाटायचा, पात्याने तुकडे पाडायचे. भट्टीत काडी जळते आणि भोक उरतं.

मणी वाळताना पाण्याबरोबर क्षार वर येतो. ओल्या भिंतीला धरतो तोच हा लोणा! (याला 'उत्फुल्लन' म्हणणाऱ्या परिभाषाकारांच्या घराला भिंती नसाव्यात.) साधारण 800 ते 1000 अंशांना या क्षाराच्या थराची काच होते. वाळत्या मण्याला बोट लागलं की लोणा खरवडतो आणि भाजल्यावर तिथे खरखरीत डाग राहतो.

'फायन्स' हे नावही उसनंच. इटलीतल्या फाएन्झा गावच्या झिलईदार मातीच्या भांड्यांचं नाव युरोपीयांनी या मण्यांना चिकटवलं. ब्रिटिश म्युझियम 'ग्लेझ्ड कॉम्पोझिशन' (झिलईदार मिश्रण) लिहितं. अचूक आहे, पण औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीसारखं.

इजिप्तवाले स्वतः म्हणत 'चेहेनेत', म्हणजे झळाळणारी. तिथल्या तिसऱ्या आमेनहोतेप राजाच्या नौकेचं नाव 'झळाळता आतेन' (आतेन म्हणजे सूर्यबिंब), त्यातही शब्दाचं मूळ हेच. मण्याला आणि सूर्याला एकच क्रियापद! आता आपली 'काच' पाहा. धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मुळांच्या (धातूंच्या) यादीत, आहे 'कचि काचि दीप्तिबन्धनयोः' : चमकणे आणि बांधणे. 'काच' इथूनच आली असं मी धरून चालतो. व्युत्पत्तीवाले नाकं मुरडतील, मुरडोत. गारेचे कण बांधून चमकणाऱ्या वस्तूला याहून नेमका धातू कुठून आणणार?

मग सरळ 'काचमणी' का नको? कारण काच आरपार वितळलेली असते. फायन्सचा मणी फुटला की निळ्या सालीआड पांढरा, साखरेसारखा दाणेदार गाभा दिसतो. म्हणून 'गारकाच' म्हणा. जयपूरच्या निळ्या भांड्यांचं अंगही मुख्यतः गारगोटीच्या पुडीचंच असतं, आणि त्यांनाही लोक चिनी मातीचीच म्हणतात.