प्रसाद समजून ओंजळ धरली

"मॅडम, मी तिच्या देवाचा अपमान केला का हो?" खुर्चीच्या काठावर टेकता टेकता तिनं हेच विचारलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावची अंगणवाडी सेविका. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) तिची मदतनीस कॅथलिक, दोघींची बारा वर्षांची सोबत. मदतनिसाची आई वारली तेव्हा ही तालुक्याच्या चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे कॅथलिकांच्या सामूहिक उपासनेला, गेली. लोक रांगेनं पुढं जाऊ लागले तशी हीही उठली, डोक्यावर पदर घेतला आणि फादरांपुढं ओंजळ धरली. "कॅथलिक आहात ना?" त्यांनी हळूच विचारलं. मागून कुणीतरी पदर ओढला.

"मले वाटलं, प्रसाद नाही घेतला तं बरं दिसत नाही."

त्याला महिना झाला होता. अंगणवाडीत दोघी खिचडी वाटत, पण बोलणं कामापुरतं. घरी जाणं बंद. मदतनिसाला ती ओंजळ आठवत असेल-नसेल; तो मुका महिना मात्र तिनं मोजला असणार.

घोळ शब्दातही आहे. आपल्याकडे प्रसाद कुणालाही देतात, नाही म्हटलं तर राग येतो. कॅथलिकांच्या श्रद्धेनुसार मिस्सात फादर देतात ती भाकर म्हणजे साक्षात ख्रिस्ताचं शरीर. ती कॅथलिकांनीच, तीही मनाच्या तयारीनं घ्यायची. इतरांनी जागेवर बसून राहिलं तर कुणाला खटकत नाही. (मीसुद्धा एकदा फादरांना 'पुजारीबुवा' म्हणून बसले होते. ते हसले, झालं.)

नवऱ्याचं वेगळंच होतं. "लय जाशीन तं लोक म्हणतीन बाटली." मी विचारलं, तुळशीला पाणी घालणं सोडलंस का? ती पहिल्यांदा हसली.

तिला एवढंच सांगितलं: घरी जा आणि विचार, "तुमच्यात आता पुढं काय असते? मी काय करू?"

पुढच्या खेपेला ती आली ती बोलतच. मैत्रीण आधी रडली, मग म्हणाली, "मले वाटलं, तुलेच आमचा विटाळ झाला." मग सांगितलं, 2 नोव्हेंबरला मृतांचा दिवस, कबरी साफ करून मेणबत्त्या लावतात, प्रार्थना होते. पावसाळ्याचं गवत गुडघ्याएवढं माजलेलं. ही विळा आणि वावरातला झेंडू घेऊन गेली, मैत्रिणीसोबत सगळी कबर साफ केली. प्रार्थना सुरू झाल्यावर निंबाखाली उभी राहिली.

"चपला काढा लागते का, तेही इचारून घेतलं," ती म्हणाली. "नाही लागत म्हणे."