चहाआधी की पोह्यांनंतर?

गेल्या अंकात हिरड्यांबद्दल लिहिलं, पण पत्रं आली ती बहुतेक ब्रश करण्याच्या वेळेबद्दल. त्यातली चार घेते.

प्रश्न : आमच्या घरी रोज सकाळी यावरून वाद होतो. सासूबाई तोंड धुतल्याशिवाय कोणाला चहा देत नाहीत. मिस्टरांचं म्हणणं, आधी घासून पुन्हा खायचं म्हणजे घासलेलं वाया. ते चहा-पोहे उरकून लगेच ब्रश करतात. पोह्यांवर अर्धं लिंबू पिळल्याशिवाय त्यांना चालत नाही. बरोबर कोण? – एक वाचक, सातारा

उत्तर : सासूबाई. मिस्टरांना हे पान दाखवताना जरा बेतानं दाखवा.

रात्री झोपेत लाळ अगदी कमी सुटते. सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली की जो बुळबुळीतपणा लागतो, तो रात्रभर वाढलेल्या जंतूंचा थर असतो. त्यांना साखर लागते, आणि दोन चमचे साखरेचा चहा व चार बिस्किटं ही त्यांची न्याहारीच. १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन या अमेरिकन संशोधकाने लोकांना साखरेच्या पाण्याने चूळ भरायला लावून दातांवरच्या या थराचा सामू, म्हणजे आंबटपणाचं माप (pH), मोजला होता; हा आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त. (मातीचा सामू तपासून घेणाऱ्या शेतकरी वाचकांना हा शब्द नवा नाही.) काही मिनिटांतच सामू घसरतो आणि वर यायला साधारण अर्धा ते एक तास घेतो. तो ५.५ च्या आसपास किंवा खाली गेला की एनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या टणक कवचातलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटायला लागतं. लाळ हळूहळू आम्ल मारते आणि गेलेलं थोडं भरूनही काढते.

‘घासलेलं वाया’ हा हिशेब बहुतेकांचा असतो, कारण ब्रश पोह्यांचे कण काढायला करायचा असं आपण धरून चालतो. पोहे काढायला दोन खळखळून चुळा पुरतात. ब्रशने काढायचा असतो तो थर, आणि तो चहा यायच्या आधी निघालेला बरा. शिवाय पेस्टमधलं फ्लोराइड दातांवर राहतं आणि नंतरच्या आम्लाला दात सहजासहजी दाद देत नाहीत. म्हणून फेस थुंकून टाका, पण त्यावर तांब्याभर पाण्याच्या चुळा भरून फ्लोराइड धुवून काढू नका.

आता लिंबू. आंबटामुळे एनॅमलचा वरचा पापुद्रा काही वेळ मऊ पडतो आणि त्यावर लगेच ब्रश फिरला की तो झिजतो. बशीभर पोह्यांवरच्या लिंबाने आभाळ कोसळत नाही, पण रोजच्या रोज वीस-वीस वर्षं लिंबू आणि लगेच जोरात ब्रश असं चाललं की फरक दिसतो. मिस्टरांना नाश्त्यानंतरच घासायचं असेल तर त्यांनी आधी साध्या पाण्याने चूळ भरावी आणि निदान अर्धा तास, जमलं तर तासभर थांबावं. नाश्त्याला भाकरी-पिठलं असेल तर आंबटासाठी थांबायचं कारण नाही. थांबायचा हा नियम काहीजण सरसकट सगळ्या जेवणांना लावतात, ते मला पटत नाही.

प्रश्न : वजन कमी करायला रोज सकाळी कोमट पाण्यात लिंबू आणि मध घेते. तोंड आंबट होतं म्हणून लगेच ब्रश करते. हल्ली गार पाणी प्यायलं की सणक जाते, आइस्क्रीम तर बंदच केलं आहे. वय ५२. दात किडलेले नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. – एक वाचक, नाशिक

उत्तर : किडलेले नसतील, पण झिजले असण्याची शक्यता बरीच वाटते. चिंचा-कैऱ्या खाऊन दात आंबतात तसंच हे, फक्त पोरांचे उन्हाळ्यात चार दिवस आंबतात आणि तुमचे बारा महिने.

अशा पेशंटच्या तोंडात मी पहिल्यांदा वरचे पटाशीचे दात बघते. बॅटरी मागून धरली तर त्यांची खालची कड निळसर, जवळजवळ आरपार दिसते. मग सुळे आणि दाढा. दाढेच्या टोकावर बारीक खळगा पडलेला असतो, मध्ये पिवळट डेंटिन, म्हणजे एनॅमलखालचा मऊ थर, आणि भोवती एनॅमलची कड. पूर्वी भरलेलं सिमेंट असेल तर ते दातापेक्षा उंच उठून दिसतं, कारण त्याच्या भोवतीचा दातच खाली गेलेला असतो. कीड एका जागी खोल जाते, ही झीज पसरून होते, आणि डेंटिन उघडं पडलं की गार पाण्याची सणक थेट आत पोचते.

लिंबाच्या रसाचा सामू दोन ते अडीचच्या घरात असतो. पाणी घातल्याने तो थोडा वर येतो, साडेपाचच्या जवळपासही नाही. मध म्हणजे साखरच. वजनाचं तुमचं तुम्ही बघा, मी त्यात पडत नाही, पण दातांसाठी हा पेला बंद झालेला मला आवडेल. बंद करायचा नसेल तर आधी ब्रश करा, मग पाणी प्या. एका दमात प्या, पेपर वाचत अर्धा तास घोट-घोट घेऊ नका आणि तोंडात घोळवू नका. स्ट्रॉ जिभेच्या मागे धरून प्यायलात तर पुढचे दात वाचतात. शेवटी साध्या पाण्याची चूळ. अ‍ॅपल सायडर व्हिनेगर घेणाऱ्यांनीही हेच धरून चालावं.

ब्रश मऊ घ्या. कडक ब्रश आडवा रेटून घासल्याने दाताच्या मुळाशी, हिरडीलगत खाच पडते आणि तिथून सणक आणखी वाढते. सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट लावायला हरकत नाही, गुण यायला काही आठवडे जातात.

आणखी एक, तुम्ही लिहिलेलं नाही पण विचारते. रात्री आंबट ढेकर, छातीत जळजळ असं काही होतं का? पोटातलं आम्ल वर येत असेल तर वरच्या दातांची टाळूकडची बाजू झिजते आणि ती आरशात दिसत नाही. तसं असेल तर फिजिशियनलाही दाखवा. उलटी झाल्यावर सगळेच लगेच ब्रशकडे धावतात, गरोदर मुली तर हमखास. त्याऐवजी पेलाभर पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा घालून चुळा भरा आणि ब्रश तासाभराने करा.

प्रश्न : डोंबिवलीहून सकाळची लोकल, घरी यायला नऊ. जेवल्यावर डोळे उघडे राहत नाहीत, म्हणून आल्या आल्या ब्रश करते आणि मग जेवते. दोन वेळा ब्रश झाला ना? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : वेळा दोन झाल्या, पण दुसरी फुकट गेली. आमटी-भात दाढांत तसाच राहिला, आणि आता लाळ कमी होणार. रात्रीचा ब्रश हा दिवसातला शेवटचा घास पोटात गेल्यावरच हवा. या एकाच गोष्टीवर मी सूट देत नाही. जेवणानंतरची साखर लावलेली बडीशेप आणि झोपतानाचं गोड हळदीचं दूधही शेवटच्या घासात मोजायचं. जेवून ताट उचलल्यावर भांडी आवरायच्या आधी ब्रश करून टाका. त्यानंतर फक्त पाणी.

ऑफिसात दुपारच्या डब्यानंतर ब्रश नाही केला तरी चालेल. चूळ भरा.

प्रश्न : मी चाळीस वर्षं दोन्ही जेवणांनंतर मशेरी लावते. दात खणखणीत आहेत. नात म्हणते सोडून दे. जेवणानंतर घासणं चांगलंच ना? – एक आजी, सांगली जिल्हा

उत्तर : आजी, जेवणानंतर घासणं चांगलं, पण मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू आहे. बोटाने हिरडीवर ती दाबून धरली की तरतरी येते ती निकोटिनची. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला आपल्याकडे १९९२ पासून बंदी आहे, ती उगाच नाही. तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो, आणि हिरड्या खाली सरकल्या तरी दुखत नाहीत म्हणून दात खणखणीत वाटतात.

एकदा दंतवैद्याकडून गाल, जीभ, हिरड्या नीट तपासून घ्या. पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा तोंड उघडताना ताठरपणा असेल तर याच आठवड्यात जा. मशेरीच्या दोन्ही वेळांना मऊ ब्रश आणि फ्लोराइडची वाटाण्याएवढी पेस्ट घ्या. पहिले काही दिवस चिडचिड होईल, डोकं दुखेल, शौचाला त्रास होईल. नातीला १८००-११२-३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत नंबर लावून द्यायला सांगा आणि फोनवर तुम्ही स्वतः बोला.