एफटीएसझेड (जिवाणूंच्या पेशीविभाजनाचं एक प्रथिन) पटलाला स्वतः चिकटत नाही, मग त्याचे तंतू पेशीपटलावर कसे बनतात?

दुसऱ्या प्रथिनांच्या आधाराने. ई. कोलायमध्ये एफटीएसझेडच्या सी-टोकाचा (प्रथिनसाखळीच्या शेवटचा) छोटा तुकडा एफटीएसए किंवा झिपए या प्रथिनांना धरतो. एफटीएसए आपली अर्धी तेलकट हेलिक्स (पिळाच्या आकाराचा भाग) पटलात खुपसतं. झिपए तर पटलात रोवलेलंच असतं. तंतू मात्र एफटीएसझेड स्वतःच रचतं, जीटीपी (ऊर्जा पुरवणारा छोटा रेणू) धरलेले आपले रेणू एकापुढे एक लावून. त्यासाठी साधारण १ मायक्रोमोलर तरी प्रमाण हवं, त्याखाली तंतू जवळपास बनतच नाहीत. एका टोकाला रेणू जोडले जातात, दुसऱ्या टोकाचे जीटीपीचं विघटन झाल्यावर सुटतात. तंतू सरकतोय असं वाटतं, पण मधले रेणू जागचे हलत नाहीत (सूक्ष्मदर्शकाखाली इथेच फसगत होते). २००८मध्ये ओसावा, अँडरसन आणि एरिक्सन यांनी एफटीएसझेडला पटलात घुसणारा तुकडा थेट जोडला, तेव्हा एफटीएसएशिवायही नळीसारख्या लिपोसोममध्ये (लिपिडच्या पोकळ पिशवीत) कड्या तयार झाल्या; म्हणजे पटलाला बांधून ठेवणारा नांगर कुठलाही चालतो. काचेवरच्या लिपिड थरावर प्रयोग करत असाल तर एफटीएसएसाठी एटीपी वेगळं घाला, आणि जीटीपी संपलं की तंतू सुटतात हे धरून चाला. हे सगळ्या जिवाणूंना जसंच्या तसं लागू नाही: बॅसिलस सबटिलिसमध्ये झिपए नसतं, तिथे एफटीएसएच्या जोडीला सेपएफ हे नांगराचं काम करणारं प्रथिन असतं.