रीफ टँकचं पाणी: पीएच, केएच आणि चुन्याची निवळी

प्रश्न: रीफ टँक (प्रवाळ ठेवलेली खाऱ्या पाण्याची टाकी) एसीच्या बेडरूममध्ये आहे. केएच (आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद, एकक डीकेएच) 8.5, पण सकाळी पीएच 7.8 आणि रात्री 8.15. बफर (केएच वाढवणारी पावडर) टाकला की दोन तास वाढतो, सकाळी पुन्हा तेच.

बफर आधी बंद करा. केएच चांगला आहे. बफरने तो उगाच 11-12 वर जाईल आणि पीएच जिथल्या तिथे राहील. बंद खोलीत रात्रभर साठलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरतो, एवढंच घडतंय. खात्रीसाठी टँकचं पाणी दोन मगांत घ्या. एक खोलीत ठेवा, एक गॅलरीत, आणि दोन्हींत एअरस्टोन (बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) सोडून तासभर हवा द्या. गॅलरीतल्याचाच पीएच वाढला, तर दोष खोलीतल्या हवेचा. मग स्किमरची (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी खिडकीबाहेर काढा आणि तोंड खाली वळवा, नाहीतर पावसाळ्यात पाणी ओढेल. तसा सकाळी 7.8 आला म्हणून प्रवाळ मरत नाहीत.

प्रश्न: 200 लिटरचा टँक. दोन दिवसांत केएच 8.2 वरून 6.8, कॅल्शियम मात्र 420 लाच. मोजायचं किट बिघडलं का?

किट ठीक आहे. प्रवाळ दोन्ही वापरतात, पण केएच 2.8 डीकेएचने उतरतो तेव्हा कॅल्शियम जेमतेम 20 पीपीएमने घटतं. तुमच्या 1.4 मागे 10. एवढा फरक घरगुती किटवर सहज निसटतो.

दगड-वाळूची जागा वजा करून पाणी 170 लिटर धरा. 100 लिटरमध्ये 1 डीकेएच वाढवायला 3 ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. तुमचा खप रोज 0.7, म्हणजे रोज साडेतीन ग्रॅम. मागची तूट भरायला आणखी 7 ग्रॅम, पण चार दिवसांत विभागून. अर्धा लिटर आरओ पाण्यात पूर्ण विरघळवा आणि पंपाच्या प्रवाहात हळूहळू सोडा. बेकिंग पावडर चालणार नाही, तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतो. कॅल्शियम क्लोराइड देत असाल तर वेगळ्या वेळी. दोन्ही एकत्र आले की पांढरा साका बसतो. केएच रोज एकाच वेळी मोजा.

प्रश्न: चुन्याच्या निवळीसाठी पानाचा चुना चालेल?

रसायन तेच, पण डबीतल्या चुन्यात आणखी काय मिसळलंय ते कळत नाही. फूड ग्रेड कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या. लिटरभर आरओ पाण्यात 2 ग्रॅम घालून, झाकण लावून हलवा, रात्रभर निवळू द्या आणि फक्त वरचं स्वच्छ पाणी वापरा. 100 लिटरमध्ये अशी 1 लिटर निवळी केएच सुमारे 1.1 ने वाढवते. निवळीचा पीएच 12 च्या वर असतो, त्यामुळे डोळे आणि हात सांभाळा. बाष्पीभवनाने जेवढं पाणी घटतं तेवढीच निवळी, तीही रात्री, थेंबाथेंबाने.

ऑटो टॉप-अपचा (घटलेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्रणेचा) फ्लोट अडकून सगळी निवळी एकदम गेली तर पाणी दुधाळ होतं. डोसिंग थांबवा, पीएच मोजा. 8.6 च्या वर असेल तर साधं सोडावॉटर (लिंबू-मीठ नसलेलं) थोडं थोडं घालत पुन्हा मोजा. दुसऱ्या दिवशी केएच तपासा. साक्यात गेल्याने तो बहुधा घसरलेला असतो.

प्रश्न: मालवणच्या किनाऱ्यावर मिळालेला प्रवाळाचा तुकडा टाकला तर पीएच वाढेल?

नाही. पीएच 8 च्या पाण्यात तो विरघळतच नाही. शिवाय असे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मेलेला तुकडा उचलून घरी ठेवणंही गुन्हाच.