बाजूला काढलेलं धुकं

प्रश्न : अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनचा 'टाइम आउट ऑफ माइंड' हा अल्बम मी कित्येक वर्षं ऐकतेय. गाणी जीव घेणारी आहेत, पण आवाज कायम विहिरीच्या तळातून आल्यासारखा, मला तर आधी वाटायचं हेडफोनच खराब आहेत. आता २०२३चं नवीन मिक्स, म्हणजे त्याच रेकॉर्डिंगमधल्या आवाजांची नव्यानं केलेली जुळणी, ऐकलं, सगळं लख्ख ऐकू आलं, आणि उलट काहीतरी हरवल्यासारखं वाटायला लागलं. मग ते जुनं प्रॉडक्शन चांगलं होतं की वाईट?

उत्तर : मलाही अगदी हेच दोन्ही एकदम वाटतं.

१९९० नंतर डिलननं स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम काढलाच नव्हता, मधे दोन आले ते जुन्या लोकगीतांचे आणि ब्लूजचे. मग जानेवारी १९९७ मध्ये मायामीत हा रेकॉर्ड झाला, प्रोड्यूसर डॅनियल लॅनवा. खोलीत एकाच वेळी ढीगभर वादक, ड्रमरसुद्धा एकापेक्षा जास्त, आणि लॅनवाची आवड अशी की सगळं घुमलं पाहिजे, एका वाद्याची कड दुसऱ्यात विरघळली पाहिजे. डिलनला हवा होता जुन्या ब्लूज रेकॉर्डसारखा रोखठोक आवाज. दोघांचं जमलं नाही, 'मिसिसिपी' हे गाणं तर त्याच सेशन्समध्ये रेकॉर्ड होऊनही अल्बमबाहेर राहिलं आणि २००१ च्या अल्बममध्ये नव्यानं, साधेपणानं आलं, तो अल्बम डिलननं जॅक फ्रॉस्ट या नावानं स्वतःच प्रोड्यूस केला.

आता तुम्हाला काय हरवल्यासारखं वाटतंय त्याबद्दल. हा अल्बम म्हणजे मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाचा असं खूप जण मानतात, कारण त्याच वर्षी मे महिन्यात तो हृदयाभोवतीच्या इन्फेक्शननं हॉस्पिटलमध्ये होता. पण रेकॉर्डिंग त्याच्या आधीचं! तेव्हा तो होता फक्त ५५ वर्षांचा. मरण त्या शब्दांत आहेच, पण तो थकलेला म्हातारा आपल्याला दिसतो त्यात लॅनवाच्या धुक्याचा मोठा हात आहे असं मला मनापासून वाटतं, आणि नव्या मिक्समध्ये धुकं बाजूला केल्यावर तिथे एक धडधाकट गायक उभा असतो, शब्द चावून चावून म्हणणारा. तुम्ही त्या म्हाताऱ्याला शोधताय.

म्हणून मी गाण्यागणिक ठरवते. 'लव्ह सिक' जुनंच. ऑर्गनचे ते तुटक ठोके, आणि मग आवाज येतो तो जुन्या रेडिओतून यावा तसा चिरका, त्या माणसाच्या आत काहीतरी बंद पडलंय हे शब्दांच्या आधी कळतं. ते साफ केलं की गाणं नुसतं चांगलं उरतं. 'स्टँडिंग इन द डोअरवे' मात्र नव्या मिक्समध्येच ऐका प्लीज, इतकी वर्षं गिटारांच्या गर्दीत तो आवाज दबला होता याचा मला राग येतो, खरंच. 'मेक यू फील माय लव्ह' मध्ये फारसा फरक नाही, ते गाणं मुळातच मोकळं आहे.

'नॉट डार्क येट' चं अजून ठरत नाहीये. जुनं ऐकलं की घसा दाटून येतो, नवं ऐकलं की त्यानं एखादा शब्द किती उशिरा सोडलाय ते पहिल्यांदा ऐकू येतं. सध्या दोन्ही लागोपाठ ऐकते, आधी जुनं.