डर्ट जंपची फ्रेम: रंग नंतर, मापं आधी (वाचकांचे प्रश्न)

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच जातीच्या सायकलीचे आहेत. पुढे सस्पेन्शन, मागे नाही, सीट पार खाली, 26 इंची चाकं, गिअर एकच. म्हणजे डर्ट जंप हार्डटेल, मातीच्या ढिगांवरून उड्या मारायची. तयार सायकल मुंबईत सहजी मिळत नाही, म्हणून मंडळी नुसती फ्रेम मागवतात आणि बाकीचं इथे जुळवतात. गोची तिथेच होते.

प्रश्न: कॉलेजला आहे, मुलुंडला राहतो, उंची 175 सेंटीमीटर. एकच सायकल परवडणार. सुट्टीला मातीतल्या उड्या आणि एरवी विक्रोळीला क्लास. बाहेरून मागवायच्या दोन क्रोमोली (एक पोलाद) फ्रेमचे फोटो आणि मापं पाठवली आहेत. कुठली घेऊ?

फोटो पाहिले. रंग दोन्हींचे झकास आहेत, पण त्यावरून काही ठरत नाही. खालची मापं वाच.

पहिल्या फ्रेमला मागे 135 मिलीमीटरचा, नट आवळायच्या 10 मिलीमीटर एक्सलचा (आसाचा) हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, बसतो. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचे दांडे ज्यावर फिरतात तो भाग, 73 मिलीमीटरचा, आट्यांचा. दोन्ही गोष्टी साध्या माउंटन बाइकच्या आहेत. दुसरीला मागे 110 मिलीमीटरचा बीएमएक्स (20 इंची चाकाच्या उड्यांच्या सायकलींचा) हब लागतो आणि बॉटम ब्रॅकेट 'स्पॅनिश', म्हणजे बेअरिंग दाबून बसवायचा. तीही उत्तम फ्रेम आहे. रस्त्यावरचे कठडे-पायऱ्या खेळणारे तीच मागतील, कारण तिचं मागचं टोक अरुंद असतं आणि टाच अडत नाही. पण ऐन डिसेंबरात, म्हणजे माती छान बसलेली असताना, एक्सल वाकला की काय? पहिल्या फ्रेमचा हब काळबादेवीच्या सायकल बाजारात विचारलास तर फार तर भावावरून घासाघीस होईल. दुसरीचा विचारलास तर "ये किसका है?" असा उलट प्रश्न येईल आणि तू पार्सलची वाट बघत बसशील. मुंबईत फ्रेम निवडायची ती मोडतोड झाल्यावर काय मिळेल ते बघून. म्हणून पहिली घे.

फोर्कचंही (पुढचं चाक धरणारा चिमटा) तसंच. पुढच्या हबचा एक्सल कुठला लागतो ते आधी विचार. काही डर्ट जंप फोर्क 20 बाय 110 चे (एक्सलची जाडी बाय हबची रुंदी, मिलीमीटरमध्ये) असतात, काही 15 बाय 100 चे. हल्लीच्या माउंटन बाइकवर 15 बाय 110 असतो. आकडे भावंडांसारखे दिसतात, पण एकाचं चाक दुसऱ्यात जात नाही.

26 इंची चाकाची मात्र धास्ती नको. बाकीच्या माउंटन बाइक 27.5 आणि 29 वर गेल्या. डर्ट जंप 26 वरच राहिलं, कारण लहान चाक मजबूत असतं आणि हवेत सायकल फिरवायला हलकी पडते. आपल्याकडे ते पथ्यावरच पडलंय, 26 ची ट्यूब नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडेही मिळते. फक्त जुन्या लेडीज सायकलींचंही एक '26' असतं, 26 बाय 1 3/8. त्याची रिम 590 मिलीमीटरची, आपली 559 ची. टायरच्या कडेला 559 छापलेलं दिसलं तरच पैसे दे.

बाकी उड्यांच्या फ्रेमला चेनस्टे (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या एक्सलपर्यंतची नळी) 380 ते 390 मिलीमीटर, हेड अँगल (हेड ट्यूबचा, म्हणजे फोर्क शिरतो त्या नळीचा, कल) 68-69 अंश, फोर्क 100 मिलीमीटर दबणारा. तुझ्या दोन्ही फ्रेम यात बसतात, तेव्हा त्यावर डोकं खपवू नकोस.

आता क्लास. इथे तुझा हिरमोड होणार. तुझ्या पायाची आतली लांबी 80 सेंटीमीटर धरू. नीट पाय लांब करून पेडल मारायचं तर सीटचा माथा बॉटम ब्रॅकेटपासून साधारण 70 सेंटीमीटरवर हवा. या फ्रेमची सीट ट्यूब (सीटपोस्ट शिरतो ती नळी) 32. सीटची स्वतःची उंची पाच. राहिले 33, तेवढा सीटपोस्ट बाहेर काढावा लागेल. 400 मिलीमीटरचा लांब पोस्ट घेतलास तरी आत उरतो जेमतेम सात सेंटीमीटर. किमान किती आत हवा याची खूण बहुतेक पोस्टवर आठ-दहा सेंटीमीटरवर कोरलेली असते. ती खूण बाहेर दिसत असताना रोज बसलास, तर एक दिवस सीट ट्यूबचं तोंड फाटेल. तीन-चार सेंटीमीटर खाली बसून एलबीएस रोडने जाता येईल, गुडघे कुरकुरतील एवढंच. क्लास खरंच रोजचा असेल तर सरळ लोकलचा पास काढ.

प्रश्न: माझ्याकडे 29 इंची साधी हार्डटेल आहे. तिच्यावरच उड्या शिकलो तर नवी फ्रेम कशाला? आणि घेतलीच, तर हिचा 100 मिलीमीटरचा फोर्क तिला चालेल का? (बोरिवली)

शिका की. बनी हॉप (सपाटीवरून दोन्ही चाकं उचलणं), मागच्या चाकावर तोल, पंप ट्रॅक (उंचवट्यांची वाट, पेडल न मारता अंगाच्या जोराने), छोट्या टेबलटॉप (मधे सपाट माथा असलेल्या उड्या) हे सगळं तिच्यावर होतं. मर्यादा कुठे आहे ते सायकलीबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, आपण ती खोक्यासकट रद्दीत देतो. त्यात 1 ते 5 असा वापराचा वर्ग असतो. साध्या हार्डटेल बहुधा 3 मध्ये येतात, म्हणजे साधारण 60 सेंटीमीटरपर्यंतच्या उड्या. 4 म्हणजे सुमारे 120. डर्ट जंपच्या फ्रेम 5 साठी बांधतात. वर्ग 3 ची फ्रेम एका उडीत मोडत नाही. उतार चुकून सपाटीवर आदळलात की दर वेळी हेड ट्यूबच्या खालच्या जोडावर ताण येतो आणि तो साठत जातो.

फोर्क चालणार नाही. दबायचा प्रवास तेवढाच असला तरी 29 चा फोर्क 26 च्या फोर्कपेक्षा तीन-चार सेंटीमीटर उंच असतो. दर दोन सेंटीमीटरला हेड अँगल सुमारे एक अंश मागे पडतो आणि बॉटम ब्रॅकेटही वर जातो. सायकल चॉपर होईल, पुढचं चाक लांब पुढे गेलेल्या मोटारसायकलीसारखी.

बोरिवलीचे आहात म्हणून न विचारता सांगतो: नॅशनल पार्कात डांबरी सोडून आतल्या पायवाटांवर उड्यांच्या जागा शोधू नका. तो बिबट्यांचा मुलूख आहे, आणि वनखात्याचा.

प्रश्न: क्रोमोली की ॲल्युमिनियम? गिरगावात चाळीत राहतो, समुद्र पाच मिनिटांवर, सायकल जिन्याखाली असते.

उड्यांसाठी माझा कौल क्रोमोलीला. 4130 क्रोमोली म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम घातलेलं पोलाद. त्याची फ्रेम अंदाजे अडीच किलो भरते, ॲल्युमिनियमची दोनच्या आसपास. हा अर्धा किलो हवेत जाणवतो, नाही म्हणत नाही. पण पोलाद आपटलं की आधी पोचा येतो, आणि तडा गेलाच तरी सहसा हळूहळू वाढतो, आपल्याला पत्ता लागतो. ॲल्युमिनियम ताठ असतं, पेडल मारली की लगेच पळतं, पण थकल्यावर फारशी सूचना देत नाही.

तुमचा खरा शत्रू गंज, आणि तो आतून येतो. पावसाचं पाणी सीटपोस्टच्या फटीतून आत उतरतं आणि बॉटम ब्रॅकेटपाशी साचतं. खाली निचऱ्याचं छोटं भोक असतं, तेच चिखलाने बुजलेलं असतं. मे महिना संपायच्या आत एक दिवस काढा. सीटपोस्ट, फोर्क, बॉटम ब्रॅकेट बाहेर. रंगाच्या दुकानात 'डबल बॉइल्ड' अळशीचं तेल मिळतं, ते प्रत्येक नळीत थोडं थोडं ओता. फ्रेम हातात धरून सगळ्या बाजूंनी कलती करत फिरवा, म्हणजे आतून पातळ थर बसेल. मग उलटी टांगून जादा तेल गळू द्या आणि दोन-तीन दिवस हात लावू नका. तेल सुकून आत चिवट साय धरते. ज्या चिंध्यांनी तेल पुसलंत त्या चुरगळून जिन्याखाली मुळीच टाकू नका. अळशीच्या तेलाचा बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवा, मगच फेका.

एवढं दर वर्षी होणार नसेल तर ॲल्युमिनियम घ्या. आळशी माणसाने अळशीच्या भानगडीत पडू नये. अर्थात त्यालाही खारी हवा सोडत नाही. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या आट्यांत धरतात, सीटपोस्ट आत चिकटून बसतो. ग्रीस लावा आणि पोस्ट महिन्यातून एकदा काढून परत घाला. चौपाटीवरून आलात तर गोड्या पाण्याचा हात फिरवा.

प्रश्न: सिंगल स्पीडला पुढे-मागे किती दात? (दादर)

पुढे 28, मागे 12. मिनिटाला 80 फेऱ्या मारल्या तर ताशी 23 किलोमीटरच्या आसपास जाता, उडीच्या तोंडाशी दोन-तीन जोरदार पेडल पुरतात. पेडर रोडचा चढ रोज असेल तर मागे 14 लावा, वेग 20 वर येईल. आडव्या खाचेच्या ड्रॉपआउटमध्ये (मागचा एक्सल बसतो तिथे) या दोन दातांसाठी चाक फक्त सहाएक मिलीमीटर पुढे सरकतं, साखळी तोडावी लागत नाही.

प्रश्न: सगळे फक्त मागचा ब्रेक ठेवतात. शहरातही चालेल ना? (माहीम)

नाही. जोरात थांबताना भार पुढे येतो आणि खरी पकड पुढच्याच चाकाला मिळते, मागचं नुसतं घसरतं. ओल्या रस्त्यावर समोर बेस्टची बस थांबली की कळेल. मातीत एक, रस्त्यावर दोन. हँडल हवेत फिरवायचंच असेल तर ब्रेकची नळी लांब ठेवून एकदा गुंडाळून घ्या.

प्रश्न: जुनी ॲल्युमिनियम फ्रेम स्वस्तात मिळतेय. हेड ट्यूबखाली केसाएवढी रेघ आहे. विकणारा म्हणतो, फक्त रंग उडालाय. तडा निघालाच तर साकीनाक्याला आर्गन वेल्डिंग करून घेऊ का? (कुर्ला)

आधी खात्री करा. रेघ पुसून कोरडी करा, वर पातळ तेल चोळा, दहा मिनिटांनी स्वच्छ पुसा आणि खडूची पूड भुरभुरवा. तडा असेल तर आत मुरलेलं तेल हळूहळू बाहेर येऊन खडूवर काळपट रेघ उमटते. नुसता रंग असेल तर सहसा काही उमटत नाही. रेघ वेल्डच्या कडेकडेने जात असेल तर मी एवढीही तसदी घेणार नाही, तिथूनच नमस्कार.

वेल्डिंगवाल्याच्या हातात कसब असतं, प्रश्न तो नाही. या फ्रेम बहुधा 6061 मिश्रधातूच्या असतात आणि त्यांची ताकद नुसत्या धातूतून येत नाही, कारखान्यातल्या भट्टीतून येते. वेल्ड झाल्यावर अख्खी फ्रेम 500 अंशांच्या वर तापवून पाण्यात विझवतात, मग पुन्हा पावणेदोनशे अंशांच्या आसपास तासन्‌तास ठेवतात. साकीनाक्याला टाका घातला की त्याच्या आजूबाजूची पट्टी मऊ पडते, ताकद जवळपास निम्मी होते. आणि ही पट्टी नेमकी कुठे? सपाटीवर आदळताना सगळा मार जिथे बसतो तिथे. फुकट दिली तरी घेऊ नका. क्रोमोलीची असती तर जाणकार माणसाकडून दुरुस्तीचा विचार तरी केला असता.

प्रश्न: मुलगा 12 वर्षांचा, उंची 145 सेंटीमीटर. त्याला डर्ट जंपचीच सायकल हवी. भराभर वाढतोय, म्हणून आत्ताच 26 ची मोठी घ्यावी का? (विलेपार्ले)

शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतो तशी ही सायकल घेता येत नाही, ताई. मोठी सायकल हवेत त्याच्या ताब्यात राहणार नाही. त्याला 20 इंची चाकाची बीएमएक्स द्या, टॉप ट्यूब 20 इंचांच्या आतबाहेर. सस्पेन्शन नसलेलंच बरं, उतरताना गुडघे-कोपर वाकवायची सवय त्यामुळेच लागते. दुकानात पुढे-मागे स्प्रिंग लावलेल्या, चकचकीत 'स्टंट' सायकली दाखवतील, तिकडे बघूही नका. त्या जड असतात आणि उडीसाठी बांधलेल्या नसतात. निदान फ्रेमच्या पुढच्या तीन मुख्य नळ्या क्रोमोलीच्या आहेत का, एवढं विचारा. दुकानदार नुसतं "स्टील है, मजबूत है" म्हणाला तर पुढचं दुकान.

उंची 160 झाली की फ्रेमचं बोलू. हेल्मेट मात्र आत्ताच्या मापाचं घ्या. डोक्यावर ठेवा, पट्टा न लावता त्याला मान जोरात हलवायला सांगा. जागचं हललं तर एक माप लहान.